दोतोन्बोरी

दोतोन्बोरी : जपानमधील ओसाका शहराच्या चुओ प्रभागातला खाण्यापिण्याचा आणि रात्रीच्या करमणुकीचा भाग. याच नावाच्या कालव्याच्या दक्षिण काठाने जाणारा रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या एवढाच त्याचा पसारा. एबिसुबाशी पुलापासून निप्पोनबाशी पुलापर्यंत रमतगमत गेले तरी फार वेळ लागत नाही. शहराच्या या दक्षिण भागाला ओसाकाकर ‘मिनामी’ म्हणतात आणि उत्तरेकडच्या उमेदा परिसराला ‘किता’. दोन्ही शब्दांचे अर्थ अनुक्रमे दक्षिण आणि उत्तर. कितात कचेऱ्या आणि सुटाबुटातली माणसे, मिनामीत तळणाचे वास आणि मोठमोठ्याने गप्पा, अशी ढोबळ वाटणी गावात अजूनही मानली जाते.

आज दोतोन्बोरीचे नाव निघते ते खाण्यासाठी, पण मुळात ही नाटकांची पेठ. कालव्याचे काम १६१२ मध्ये दोतोन नावाच्या व्यापाऱ्याने पदरच्या पैशाने हाती घेतले. ओसाकाच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा तो किल्ला राखणाऱ्या तोयोतोमी घराण्याच्या बाजूने लढला आणि १६१५ मध्ये मारला गेला. उरलेले काम त्याच्या नातलगांनी पुरे केले आणि जिंकलेल्या पक्षाच्या नव्या सुभेदाराने हरलेल्या पक्षाच्या माणसाचेच नाव कालव्याला दिले. ‘बोरी’ म्हणजे ‘होरी’, खणलेला जलमार्ग. या दोतोनचे आडनाव यासुई असे शतकानुशतके लिहिले गेले. विसाव्या शतकात कालव्याच्या मालकीवरून कोर्टकज्जा झाला, जुनी कागदपत्रे बाहेर आली आणि ते आडनावच बहुधा चुकीचे असल्याचे दिसले.

१६२० च्या दशकात सरकारने शहरातली नाट्यगृहे या काठावर आणून बसवली. काबुकी आणि बाहुल्यांची नाटके शेजारी शेजारी चालू लागली. १६६२ मध्ये ताकेदा घराण्याने यांत्रिक बाहुल्यांचा रंगमंच उघडला. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायूने ताकेमोतोझा हे बाहुलीनाट्यगृह सुरू केले आणि चिकामात्सु मोन्झाएमोनची ‘सोनेझाकी शिन्जू’ ही प्रेमिकांच्या आत्महत्येची शोकांतिका १७०३ मध्ये तिथेच रंगली. प्रयोग दिवसभर चालत. प्रेक्षकाची बसण्याची जागा धरून ठेवणे, त्याला दारू-जेवण पोहोचवणे ही कामे नाट्यगृहाला लागून असलेले ‘शिबाई-जाया’ नावाचे चहागृह करी. दोन अंकांच्या मधे खायचा डबा तो ‘माकुनोउची’. हा शब्द आज जपानच्या कुठल्याही रेल्वे स्थानकावर दिसतो, पण त्याचा अर्थ ‘पडद्यांच्या मधला’ असा आहे. मध्यंतरातल्या बटाटेवड्याशिवाय नाटक पाहिल्यासारखे न वाटणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. दोतोन्बोरीचे खाणे असे नाटकाच्या मागून आले. पुढे सिनेमा आला, मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हा सगळा भाग जळाला, युद्धानंतर नाट्यगृहे एकेक करून मिटत गेली. जुन्या पाच नामांकित रंगमंचांपैकी नाकाझाने १९९९ मध्ये दार लावले. खाणे मात्र राहिले.

आणि नाटकही एका अर्थी राहिले, ते पाट्यांवर. दुकानांच्या दर्शनी भागांवर येथे अक्षरांपेक्षा आकृत्या जास्त. कानी दोराकू या खेकड्याच्या भोजनगृहावर पाय हलवणारा प्रचंड खेकडा १९६२ पासून टांगलेला आहे. पलीकडे ग्योझाची, म्हणजे सारण भरलेल्या करंजीची, भली मोठी आकृती, कुठे सुशी धरलेला हात. लालपांढऱ्या पट्ट्यांचे कपडे घालून ढोल वाजवणारा विदूषक ‘कुइदाओरे तारो’ १९५० चा. तो बुनराकूच्या, म्हणजे बाहुलीनाट्याच्या, बाहुल्या घडवणाऱ्या कारागिराकडून करून घेतला होता. त्याचे भोजनगृह २००८ मध्ये बंद झाले तेव्हा निरोपाला गर्दी लोटली ती जेवणापेक्षा तारोसाठीच. पुढच्याच वर्षी त्याला परत आणून जिथे उभे केले ती जागा जुन्या नाकाझा नाट्यगृहाची. ताकेदांच्या यांत्रिक बाहुल्यांचा वंश असा फुटपाथवर उतरला, असे म्हणायला हरकत नाही.

पाट्यांत सर्वांत प्रसिद्ध तो एबिसुबाशीजवळचा ग्लिको कंपनीचा धावपटू. तो प्रथम १९३५ मध्ये उभा राहिला, युद्धकाळात उतरवला गेला आणि नंतर पुन्हा पुन्हा नवा झाला; आताचा सहावा, २०१४ चा, एलईडी दिव्यांचा. दोन्ही हात वर केलेल्या या माणसासमोर तसेच हात वर करून फोटो काढणारे पुलावर सदैव असतात. सगळ्याच पाट्या इतक्या नशीबवान नाहीत. झुबोराया या भोजनगृहाचा फुगू माशाच्या आकाराचा भव्य कंदील करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, उतरवला गेला. रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, एका दुकानाच्या ड्रॅगनची शेपटी शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्यावरून खटला चालला आणि २०२४ मध्ये ती कापावी लागली. जागेच्या भांडणात ड्रॅगनचेही काही चालत नाही.

‘कुइदाओरे’ हा शब्द ओसाकाला कायमचा चिकटलेला आहे. ‘क्योटो नेसण्यापायी धुळीला मिळते, ओसाका खाण्यापायी’ अशी म्हण आहे. त्यातली ही खाण्यापायीची धूळधाण. याला कारण व्यापार. एदो काळात देशभरचा तांदूळ ओसाकाच्या वखारींत उतरे, म्हणून त्याला ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणत. उत्तरेकडच्या होक्काइदोहून जहाजांनी कोम्बू हे समुद्रशेवाळ येई आणि त्याचा काढलेला रस, ‘दाशी’, येथल्या स्वयंपाकाचा पाया बनला. टोकियोकडच्या काळसर, सोयासॉसने गडद केलेल्या रश्शापुढे ओसाकाच्या उदोनचा, म्हणजे जाड शेवयांचा, रस्सा फिका दिसतो. चव मात्र फिकी नसते.

पण रस्त्यावर राज्य आहे ते ‘कोनामोन’चे, म्हणजे पिठाच्या पदार्थांचे. ताकोयाकी हा त्यांतला पहिला. दाशीत कालवलेले गव्हाचे पातळ पीठ खळगे असलेल्या तव्यात ओतायचे, आत ऑक्टोपसचा तुकडा, कांद्याची पात आणि लाल आले टाकून सुईसारख्या टोच्याने फिरवत गोल करायचे. आपले आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणले की झाले, फक्त आप्पा एकदाच उलटतात, ताकोयाकी सारखी फिरवत ठेवतात. बाहेरून कवच, आतून जवळजवळ खीर. पहिला घास घाईने घेणाऱ्याची जीभ हमखास भाजते. पदार्थाचे जनकत्व ओसाकाच्याच आइझुया या दुकानाला दिले जाते. १९३५ च्या सुमारास तिथे मांसाऐवजी ऑक्टोपस घालायला सुरुवात झाली, आणि ते दुकान आजही आपली ताकोयाकी सॉसविना देते. ओकोनोमियाकी म्हणजे ‘आवडीचे घालून भाजलेले’ : चिरलेला कोबी, अंडे, पीठ, किसलेला कंद एकत्र कालवून लोखंडी तव्यावर जाड धिरडे घालायचे, वर डुकराच्या मांसाचे काप. हिरोशिमात हेच थर लावून करतात, आणि खरे कोणते यावरचा वाद दोन्ही गावे मिटू देत नाहीत. काडीला लावून तळलेल्या कुशिकात्सुचे माहेर थोडे दक्षिणेला, शिन्सेकाइमध्ये. त्याचा सॉस सगळ्यांत मिळून एकाच भांड्यात असे, म्हणून ‘दोनदा बुडवू नका’ हा नियम. करोनानंतर बऱ्याच ठिकाणी सॉसची बाटली आली. शाकाहारी माणसाची येथे पंचाईत होते, कारण साध्या दिसणाऱ्या पिठातही माशाची दाशी असते.

या गोंगाटाला पाठ लावून होझेन्जी योकोचो ही फरसबंदी गल्ली आहे. तिथल्या फुदो म्योओच्या मूर्तीवर भाविक पळीने पाणी घालतात, त्यामुळे मूर्ती पुरती शेवाळाने झाकलेली. हा फुदो म्हणजे संस्कृतातला ‘अचल’, एक बौद्ध देव. जवळच लाल चवळीसारख्या आझुकीचे गोड कढण एका माणसाला दोन वाट्यांत देतात. नाव ‘मेओतो झेन्झाइ’, जोडप्याचे झेन्झाइ. २००२ मध्ये नाकाझाची इमारत पाडताना स्फोट होऊन गल्लीचा भाग जळाला. नव्या बांधकाम नियमांनी रस्ता रुंद करावा लागला असता. रहिवासी आणि दुकानदारांनी खटपट करून तो अरुंदच ठेवण्याची मुभा मिळवली. गल्लीची सगळी खुमारी त्या अरुंदपणात आहे.

रात्रीचा क्रम ठरलेला असतो. आधी इझाकायात, म्हणजे दारूबरोबर खाणे देणाऱ्या खानावळीत, बसायचे. तिथे न मागता एक छोटी वाटी पुढे येते. ओसाकात तिला ‘त्सुकिदाशी’ म्हणतात आणि बिलात तिचे पैसे लागतात. ती बसण्याच्या जागेची किंमत आहे. टीप द्यायची पद्धत नाही. ठेवलेली नाणी विसरली समजून वेटर मागे धावत येतो. मग उभ्याने प्यायचे बार, आणि शेवटी कालव्यापलीकडच्या सोएमोन्चोमधले ‘स्नॅक’. नाव खाण्याचे असले तरी ते छोटे बार असतात, चालवणारी ‘मामा’ गिऱ्हाइकाच्या नावाची बाटली फळीवर जपून ठेवते. रस्त्यावर गिऱ्हाईक ओढणाऱ्या दलालांना आळा घालायला शहराने २०१४ मध्ये नियम केला. ते पुरते हटलेले नाहीत आणि त्यांच्यामागे जाणाऱ्याचे बिल फुगते. नाचाची गोष्ट आणखी विचित्र. १९४८ च्या कायद्याने नाचाच्या जागेला परवाना लागे आणि मध्यरात्रीनंतर नाच बंद. हा नियम बरीच वर्षे कागदावरच होता, पण २०१० नंतर पोलिसांनी शेजारच्या अमेरिकामुरातल्या क्लबांवर छापे घातले. कायदा २०१६ मध्ये सैल झाला.

एबिसुबाशी पूल गावाच्या आनंदाचा चव्हाटा आहे. हान्शिन टायगर्स हा बेसबॉल संघ १९८५ मध्ये जिंकला तेव्हा लोकांनी खेळाडूंसारखी दिसणारी माणसे निवडून एकेकाला पाण्यात उड्या मारायला लावल्या. अमेरिकन खेळाडू रँडी बास याच्यासारखे कोणी सापडेना, म्हणून जवळच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून कालव्यात फेकला. नंतर संघ हरत राहिला आणि त्याचे खापर कर्नलच्या शापावर फुटले. पुतळा २००९ मध्ये गाळातून निघाला. देशाचे विजेतेपद मात्र थेट २०२३ मध्ये परत आले, आणि तेव्हा पुलावर पोलिसांची रांग होती.

शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. त्या चुकल्या की पहाटे पाचच्या सुमाराची पहिली गाडी येईपर्यंत कराओके, रात्रभर उघडे रामेनचे दुकान किंवा कॅप्सूल हॉटेल हेच पर्याय उरतात. जगातले पहिले कॅप्सूल हॉटेलही ओसाकातच, उमेदात, १९७९ मध्ये उघडले.