मेंदू आकसला की यंत्र बदलले?

स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, मेंदूच्या प्रत्येक बाजूला साधारण ३ मिलिलिटर जागा व्यापतो. निरोगी वृद्धांमध्ये तो वर्षाला सुमारे दीड टक्क्याने आकसतो, तर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निरोगी म्हातारपण आणि आजार यांतील वर्षभराचा फरक ड्रॉपरच्या दोन थेंबांएवढाच असतो, आणि तो एमआरआयच्या चित्रावरून मोजायचा असतो.

आता पहिला एमआरआय एका सेंटरमध्ये आणि दोन वर्षांनंतरचा दुसऱ्या सेंटरमध्ये, वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर काढला, तर हे दोन थेंब सहज हरवतात. चित्रातील प्रत्येक बिंदूची जागा ठरवण्यासाठी यंत्र चुंबकीय क्षेत्राला एकसारखा उतार देते. पण हा उतार मध्यभागापासून दूर गेल्यावर बिघडत जातो, प्रत्येक बनावटीत वेगळ्या प्रकारे बिघडतो, आणि त्यामुळे डोके यंत्रात किंचित वर-खाली ठेवले तरी कडेचे भाग ताणलेले किंवा दबलेले दिसतात. शिवाय मेंदूतील करड्या (पेशींच्या) आणि पांढऱ्या (तंतूंच्या) द्रव्यातील सीमा सॉफ्टवेअर उजळपणाच्या फरकावरून आखते, आणि तो फरक चुंबकाची ताकद, कॉइल (डोक्याभोवतीचा संकेत टिपणारा भाग) व सीक्वेन्स (चित्र काढताना यंत्र पाठवते त्या संकेतांचा क्रम) यांनुसार बदलतो. मेंदूच्या बाह्य थराची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन कंपन्यांच्या यंत्रांवरील या जाडीच्या मापांत सुमारे ०.१५ मिलिमीटरचा, तर १.५ आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रांवरील मापांत सुमारे ०.१७ मिलिमीटरचा फरक आढळला. म्हणूनच आकारमानाची तुलना करायची असेल, तर फॉलोअपचा एमआरआय शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच सीक्वेन्सने काढावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अमेरिका व कॅनडात २००४ मध्ये सुरू झालेल्या अल्झायमरच्या मोठ्या प्रकल्पाने यासाठी डोक्याएवढा एक ‘फँटम’, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचा नमुना, बनवला. त्यात मोरचुदाच्या द्रावणाने भरलेले १६५ लहान-मोठे गोल आहेत. गोलांची खरी जागा आधीच ठाऊक असल्याने यंत्र कुठे किती वाकडे मोजते ते कळते. मात्र जिवंत मेंदूतील करड्या-पांढऱ्याची सीमा या गोलांना नसते.

दुसरा मार्ग संख्याशास्त्राचा. जनुकांच्या मोजमापासाठी २००७ मध्ये मांडलेली ‘कॉम्बॅट’ पद्धत आता मेंदूच्या चित्रांसाठीही सर्रास वापरली जाते; ती प्रत्येक यंत्राचा कल अंदाजाने काढून वजा करते. पण सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर तपासले असतील, तर यंत्राचा फरक कोणता नि आजाराचा कोणता हे कोणत्याही सूत्राला उलगडता येत नाही, आणि वजाबाकीत आजारच पुसला जाऊ शकतो.

ही गाठ सोडवण्यासाठी जपानमध्ये ९ निरोगी स्वयंसेवकांना १२ केंद्रांत नेऊन त्यांचे मेंदू पुन्हा पुन्हा तपासले गेले. मेंदू तेच आणि यंत्रे वेगळी असल्याने केंद्रागणिक सातत्याने दिसणारा फरक यंत्राच्या खात्यावर मांडता आला.