मिलानचं चिन्ह नक्की कुठलं, लाल क्रॉस की माणूस गिळणारा साप?

अल्फा रोमिओ गाडीचा लोगो जवळून बघा एकदा. गोलाच्या डाव्या अर्ध्यात पांढऱ्यावर लाल क्रॉस, उजवीकडे मुकुट घातलेला वळणावळणाचा साप आणि त्याच्या तोंडात हात पसरलेला, कमरेपर्यंत बाहेर असलेला माणूस. दोन्ही मिलानचेच, त्यामुळे लोक दोन्हीला सरसकट शहराचं चिन्ह म्हणून मोकळे होतात. पण क्रॉस शहराचा आहे आणि साप एका घराण्याचा. आपल्याकडे ग्रामदैवत वेगळं, कुलदैवत वेगळं, तसंच.

क्रॉसचं सोपं आहे. आजही मिलान महापालिकेच्या ढालीवर फक्त तोच असतो, साप नाही. इंग्लंडचा आणि जेनोवाचा झेंडा हुबेहूब असाच दिसतो पण तो सेंट जॉर्जचा, मिलानचे पालक संत अँब्रोज, त्यामुळे ते एकात एक मिसळू नका. ११६२ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने मिलान उद्ध्वस्त केलं आणि ११७६ ला लेन्यानोच्या लढाईत लोम्बार्डीतल्या शहरांनी एकजूट करून त्यालाच हरवलं, शहराच्या त्या स्वाभिमानाशी हा क्रॉस जोडला गेलाय.

सापाची गोष्ट मात्र भारी आहे. त्याला म्हणतात बिशोने, आणि तो व्हिस्कोंती घराण्याचा. १२६२ मध्ये पोपने ओत्तोने व्हिस्कोंतीला मिलानचा आर्चबिशप नेमलं खरं पण देल्ला तोर्रे घराण्याने त्याला शहरात पाऊलच ठेवू दिलं नाही, शेवटी १२७७ ला देझिओची लढाई जिंकून तो आत आला आणि तिथून व्हिस्कोंतींची सत्ता सुरू झाली. साप कुठून आला यावर दंतकथा भरपूर. कोणी म्हणतं क्रूसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात, याच घराण्याच्या एका पूर्वजाने ज्या योद्ध्याला मारलं त्याच्या ढालीवर हे चित्र होतं, कोणी म्हणतं जेरुंदो तलावातला माणसं खाणारा ड्रॅगन एका व्हिस्कोंतीने मारला. मला तरी या घराणं मोठं झाल्यावर जोडलेल्या गोष्टी वाटतात. तोंडातला माणूस गिळला जातोय की नवा होऊन बाहेर येतोय यावरही दोन मतं आहेतच.

१३९५ ला याच घराण्यातला जान गालेआझ्झो व्हिस्कोंती मिलानचा ड्यूक झाला, आणि १४४७ मध्ये शेवटचा ड्यूक मुलगा नसताना वारला. तेव्हा मिलानकरांनी लगेच अँब्रोजच्या नावाने प्रजासत्ताक काढलं, जेमतेम तीन वर्षं टिकलं ते. १४५० ला व्हिस्कोंतींचा जावई फ्रान्चेस्को स्फोर्झाने शहर ताब्यात घेतलं. त्याचं स्वतःचं रक्त काही व्हिस्कोंतींचं नव्हतं, म्हणून तर त्याने सासरचा साप उचलून आपल्या ढालीवर गरुडाशेजारी बसवला, आम्हीच खरे वारस हे दाखवायला! मग घराण्याचं चिन्ह किल्ल्यावर दिसायला लागलं आणि लोकांच्या डोक्यात ते शहराचंच झालं.

१९१० मध्ये रोमानो कात्तानेओ नावाचा ड्राफ्ट्समन ट्रामची वाट बघत असताना त्याला स्फोर्झांच्या किल्ल्याच्या बुरुजावर हाच साप दिसला आणि त्यातून अल्फाचा लोगो सुचला असं सांगतात. तो बुरुजही तेव्हा नुकताच, १९०५ ला, पुन्हा बांधलेला. फुटबॉलमध्ये तर घोळच घोळ आहे, शहरातले दोन मोठे क्लब म्हणजे एसी मिलान आणि इंटर, त्यात एसी मिलानच्या लोगोत क्रॉस आणि साप इंटरवाल्यांचा, पण २००७-०८ ला शंभरीच्या निमित्ताने इंटरनेच पांढऱ्या जर्सीवर मोठा लाल क्रॉस घातला होता.

आणि साप घराण्याचा आहे याचा माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा इटलीच्या बाहेर आहे. १५१८ मध्ये बोना स्फोर्झा पोलंडच्या राजाशी लग्न करून तिकडे गेली आणि तिच्यासोबत सापही गेला. पोलंडमधल्या सानोक गावाच्या चिन्हात तो आजही आहे, आणि मिलानचा क्रॉस तिथे कुठेच नाही.