घरचा कॉम्प्युटर वारंवार क्रॅश होणे

घरचा कॉम्प्युटर चालता चालता मधेच रीस्टार्ट होणं, निळा स्क्रीन येऊन थांबणं, माऊससकट सगळं गोठून जाणं किंवा खटकन बंदच पडणं, आणि हे एकदा नाही तर परत परत होणं, म्हणजे वारंवार होणारा सिस्टिम क्रॅश. एखादा प्रोग्राम बंद पडला तर तेवढाच प्रोग्राम जातो, बाकी मशीन चालू राहतं. सिस्टिम क्रॅशमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नलच थांबतो, आणि बऱ्याचदा तो मुद्दाम थांबतो, कारण मेमरीत काहीतरी चुकीचं सापडलेलं असताना तसंच पुढे चालू ठेवलं तर डिस्कवर भलतंच काहीतरी लिहिलं जाऊ शकतं. विंडोजमध्ये तेव्हा निळा स्क्रीन येतो (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा केलाय), लिनक्स आणि मॅकवर यालाच कर्नल पॅनिक म्हणतात.

वर्षातून एखादा क्रॅश झाला तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागला की त्याला कारण असतंच आणि बहुतेक वेळा ते घरबसल्या सापडतं, फक्त थेट फॉरमॅट मारायची घाई करू नये. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) खराब असेल तर फॉरमॅट करून काहीच हाती लागत नाही, उलट नवं विंडोज टाकतानाच फाइली करप्ट होतात आणि मग मूळ दोष कुठला नि नंतर झालेला कुठला हेच कळेनासं होतं. सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, कामाच्या फाइली, जे काही परत मिळणार नाही ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच बाकीचं बघा. दोष डिस्कमध्येच निघाला तर तपासणीच्या धावपळीत ती कायमची जाऊ शकते.

क्रॅश नेमका कधी होतो

याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सांगून जातं. गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना थोड्या वेळानं मशीन बंद पडत असेल तर पहिला संशय उष्णतेवर आणि पॉवर सप्लायवर, ग्राफिक्स कार्डवर त्यानंतर. स्लीपमधून उठवताना होत असेल तर ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा बायॉस (मशीन चालू होताना आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर). सगळं गोठलंय आणि डिस्कचा दिवा मात्र एकसारखा पेटलेला आहे, तर डिस्क किंवा तिची केबल. कुठलाही स्क्रीन न येता लाइट गेल्यासारखं मशीन विझलं तर पॉवर, नाहीतर अतिउष्णतेमुळे झालेला शटडाऊन. नुसतं चालू ठेवलेलं, काहीही काम नसलेलं मशीन मध्येच पडतं हा प्रकार सगळ्यात चकवणारा, त्यात रॅम, एसएसडी किंवा प्रोसेसर कमी पॉवरच्या अवस्थेत जाताना होणारी गडबड, काहीही निघू शकतं. म्हणून एक साधी वही घ्या आणि दर क्रॅशला तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, स्क्रीनवर काय लिहिलं होतं आणि त्याआधी आपण काय बदललं होतं ते लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे, पण पाच-सहा नोंदी झाल्या की बऱ्याचदा त्यातच काहीतरी समान दिसायला लागतं.

निळा स्क्रीन क्षणभर येऊन जात असेल आणि वाचताच येत नसेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाका, मग स्क्रीन तिथेच थांबतो. विंडोजमधला रिलायबिलिटी मॉनिटरही जरूर बघा, फार कमी लोकांना माहीत असतो, त्यात तारखेवार लाल फुल्या दिसतात आणि कुठला अपडेट कधी आला तेही त्याच तक्त्यात असतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद बघून पुष्कळ जण पॉवर सप्लायच बदलून टाकतात, पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता परत चालू झालं. का, ते ती सांगत नाही.

निळ्या स्क्रीनवर जो एरर कोड दिसतो त्याबद्दल थोडं. व्हिया अनकरेक्टेबल एरर म्हणजे हार्डवेअरनंच बिघाड कळवलाय. आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल बहुतेक वेळा ड्रायव्हरचा असतो, पण खराब रॅममुळेही येतो. एकच कोड आणि त्यात एकाच ड्रायव्हर फाइलचं नाव दर वेळी येत असेल तर त्या ड्रायव्हरपासून सुरुवात करा. दर वेळी वेगळाच कोड येतोय, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या भलताच, तर आधी रॅम तपासा. विंडोज फोल्डरमधल्या मिनिडम्प फोल्डरमध्ये दर क्रॅशची छोटी फाइल साठते, ती विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या फुकट टूलमध्ये उघडता येते. लिनक्सवर मागच्या बूटचा लॉग जर्नलसीटीएल या कमांडमधून मिळतो.

रॅम

तपासायला मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन बूट करायचं आणि रात्रभर चालू द्यायचं. नेहमीच्या सेटिंगला ४ पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या होतात आणि रॅम जास्त असेल तर तास न् तास लागतात. यात चालण्यासारखा एकच निकाल, शून्य एरर. एक जरी आली तरी काहीतरी बिघडलंय. पण लगेच नवी रॅम मागवू नका. आधी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइल बंद करून टेस्ट परत चालवा, कारण ते प्रोफाइल म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणंच आहे आणि दर मशीनला ते झेपतंच असं नाही. तरी एरर येत असेल तर मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या मोकळ्या धातूला हात लावा आणि मग रॅम काढून परत बसवा. सोनेरी पट्ट्यांना बोट लागू द्यायचं नाही. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा जोर द्यायचा, खटका लागला पाहिजे, आणि काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं पटकन लक्षात येत नाही. दोन स्टिक असतील तर एकेक लावून टेस्ट करा आणि चांगली निघालेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून बघा, कारण कधी कधी रॅम ठीक असते आणि स्लॉट गेलेला असतो.

उष्णता आणि पॉवर

बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की आधी वेग कमी करतात, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतात. एचडब्ल्यूइन्फोसारख्या टूलमध्ये लोड देऊन तापमान बघता येतं. लॅपटॉपमध्ये बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या मधे धुळीचा जाड थर बसलेला असतो आणि तो उघडल्याशिवाय दिसत नाही. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट सुकली असेल तर बदला.

पॉवर सप्लायची १२ व्होल्टची लाइन ५ टक्के वरखाली चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्टेजचे आकडे मात्र फारसे भरवशाचे नसतात, म्हणून चांगला चालणारा दुसरा सप्लाय लावून बघणं हाच खरा उपाय. जुन्या मदरबोर्डवर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग दिसला तर तो बोर्ड संपला, २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटमुळे असे बोर्ड भरपूर गेले. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं, पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

ड्रायव्हर, बायॉस, डिस्क

सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन, मशीन तासन् तास व्यवस्थित चालतंय आणि नेहमीच्या मोडमध्ये पडतंय, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा मागे चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि त्यात अँटिव्हायरसही आला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन पडली होती, आणि तिथेही हातानं करायचा उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवणं हाच होता. ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं टूल संशयित ड्रायव्हरला ताण देऊन मुद्दाम क्रॅश घडवतं, ते वापरण्याआधी रिस्टोअर पॉइंट (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी नोंद) करून ठेवाच, नाहीतर मशीन बूटच होईना अशी वेळ येते.

बायॉस अपडेट लोक टाळतात, पण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन क्रॅश व्हायचे, त्यावरचा उपाय २०२४ मध्ये बायॉस अपडेटमधूनच आला. आधीच खराब झालेली चिप त्यानं बरी होत नाही, बदलून घ्यावी लागते, आणि त्यासाठी इंटेलनं वॉरंटी २ वर्षांनी वाढवली.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या टूलमध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवते ते आकडे बघा. हार्ड डिस्कचे पेंडिंग किंवा रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होत चाललेल्या जागा, वाढत चालले असतील तर चेकडिस्क हे डिस्क तपासायचं टूल चालवत बसू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही, आधी डेटा काढून घ्या. डिस्क ठणठणीत असेल तरच एसएफसी आणि डिसम या विंडोजच्या कमांड चालवून विंडोजच्या फाइली दुरुस्त करायच्या.

एका वेळी एकच बदल

रॅम काढली, ड्रायव्हर बदलला आणि बायॉसही अपडेट केलं, सगळं एकाच दुपारी, आणि क्रॅश थांबला, तर कशामुळे थांबला हे कधीच कळत नाही आणि महिन्यानं परत आला की पुन्हा पहिल्यापासून. एक बदल करायचा, वहीत लिहायचा आणि वाट बघायची. किती, ते आधीच्या क्रॅशवरून ठरतं. दर दोन दिवसांनी होत असेल तर तीन दिवस शांत गेले म्हणून दुरुस्त झालं असं धरू नका, निदान दोन आठवडे तरी जाऊ द्या.

सगळं तपासून झालं तरी क्रॅश होतोच आहे, तर उरतो मदरबोर्ड किंवा क्वचित प्रोसेसर. बोर्ड थेट तपासायची सोय घरी नसते, बाकीचे भाग दुसऱ्या मशीनवर नीट चालले की तोच दोषी ठरतो. रिपेअरला देताना ती वही आणि मिनिडम्पच्या फाइली बरोबर द्या, आणि डिस्क काढून घरी ठेवता येत असेल तर ठेवा.