पोस्टाच्या मागे, मारुतीसमोर

‘पोस्टाच्या मागे, मारुतीसमोर’ एवढा पत्ता आमच्या मामांच्या पिठाच्या गिरणीला तीस वर्षं पुरला. नवीन सोसायटीतली माणसं मात्र दळण कुठे मिळतं ते मोबाइलला विचारतात, आणि मोबाइलला मारुती सांगून भागत नाही, गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद लागते.

लोकांनी धंदा यादीत शोधावा, ही पद्धत टेलिफोनइतकीच जुनी. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 1878 साली निघालेली पहिली टेलिफोन यादी एका पानाची होती. पुढे धंद्यांसाठी पिवळी पानं, म्हणजे ‘यलो पेजेस’, आली. तिथे क्रम वर्णाक्षरांचा, म्हणून पहिलं नाव आपलं यावं यासाठी प्लंबर, टॅक्सीवाले नावाआधी ‘एएए’ लावायचे. आज गुगलवरच्या नोंदीत दुकानाच्या नावापुढे ‘बेस्ट’, ‘नंबर वन’ आणि गावाचं नाव चिकटवतात, ती त्याच खोडीची नातवंडं. गुगलच्या नियमात हे बसत नाही, खरं नाव पाटीवर असेल तेच टाकायचं. सापडल्यास नोंद बंदही पडते.

आपल्याकडे अशा यादीचा फारसा उपयोग नव्हता, कारण फोनच नव्हते. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, तोवर कार्डावर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे ‘पी.पी.’, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपल्याला. ही परिस्थिती नव्वदच्या दशकात सैलावली, आणि 1996 साली व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्ट डायल सुरू केलं. नंबर 888 8888. फोन करायचा, ‘अंधेरीत फ्रिज दुरुस्ती’ म्हणायचं, पलीकडची मुलगी दोन-चार नावं सांगणार. माझ्या मते भारतातला खरा ‘लोकल सर्च’, म्हणजे जवळचं दुकान शोधणं, इथे सुरू झाला, शोधणाऱ्याकडे संगणक नसताना. वेबसाइट त्यांनी 2007 मध्ये काढली.

गुगल मॅप्स 2005 साली आलं. दुकानदारासाठीच्या सेवेचं नाव तेव्हापासून इतक्यांदा बदललं, की शिकवणाऱ्यांचीही दमछाक व्हावी: लोकल बिझनेस सेंटर, 2010 ला प्लेसेस, 2014 ला माय बिझनेस, 2021 पासून बिझनेस प्रोफाइल. नावांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ऑगस्ट 2015 मध्ये घडली. शोधाच्या पानावर नकाशाखाली सात दुकानं दिसायची, ती तीन झाली. चौथ्याला कुणी बघेना. वर्षभरानंतर, सप्टेंबर 2016 मध्ये, जिओ आलं आणि शोधणारे एकदम वाढले.

ही तीन दुकानं कशी ठरतात? गुगल स्वतःच तीन निकष सांगतं: मागितलेल्या वस्तूशी जुळतं का, किती लांब आहे, किती नावाजलेलं आहे. पैसे भरून या यादीत क्रम वर नेता येत नाही. फोन करून ‘पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्याला हे एकदा ऐकवून बघा. अंतर तर आपल्या हातातच नाही. उरतं ते नीट लिहिलेलं वर्णन, खऱ्या वेळा, सगळीकडे तोच नंबर आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय.

भाषेचा घोळ वेगळाच. कित्येक दुकानं नकाशावर फक्त इंग्रजी नावाने होती. मराठीत टाइप केलं तर ती हाती लागतीलच असं नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये गुगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत अशा नावांचं आपोआप लिप्यंतर सुरू केलं, तेव्हा ही गाठ जरा सुटली.

मामांची नोंद भाचीने केली. गुगलच्या खात्रीसाठी टपालाने येणारं कोड छापलेलं पोस्टकार्ड दोनदा हरवलं, पोस्ट पाठीलाच असून. शेवटी पाटीपासून जात्यापर्यंतचा व्हिडिओ पाठवला तेव्हा काम झालं. सेवांमध्ये तिने ‘भाजणी’, ‘बेसन’, ‘थालीपीठाचं पीठ’ असं वेगवेगळं लिहिलं. एका बाईंनी अभिप्रायात मिरची कांडपाचं भरभरून कौतुक केलं, आणि ‘मिरची कांडप’ शोधलं की ते वाक्य गिरणीच्या नावाखाली दिसू लागलं. कांडप मामांनी केव्हाच बंद केलंय. एप्रिल-मे लागला की फोन मात्र येतातच.