बियाण्याची पिशवी आणि मोबाइलमधला व्हिडिओ

कापसाचं बियाणं घेताना आमच्या खान्देशातला शेतकरी पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. बोगस पिशवीवरही बोंडं टपोरीच असतात! तो पक्कं बिल मागतो, लॉट नंबर बघतो, गेल्या साली ज्याने तेच वाण लावलं त्याला बांधावर गाठून विचारतो. खिशातल्या फोनवर मात्र हीच हुशारी चालेनाशी होते.

साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून पळतात. तो मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला. त्यात शेवटी पोर परत आणून सोडतात. तेवढाच तुकडा कोणीतरी छाटला होता.

हा छाटलेला व्हिडिओ मी नववीच्या वर्गात दाखवला. "खरा की खोटा?" पोरं स्क्रीनला नाक लावून बसली. कोणी नंबर प्लेट शोधतंय, कोणी भिंतीवरची अक्षरं.

चूक इथेच होते, आणि ती शिकलेल्यांकडूनही होते. स्टॅनफर्डच्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्या पडताळणारे व्यावसायिक यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. बरेचसे प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, लोगो न्याहाळत बसले. पडताळणारे मात्र लगेच पानाबाहेर पडले आणि 'हे लोक कोण?' ते दुसरीकडे शोधू लागले. म्हणजे बांधावर जाऊन विचारणंच की! एआयच्या जमान्यात तर दुसरा उपाय नाही. बनावट चित्र-व्हिडिओ ओळखायच्या 'बोटं मोजा, ओठ बघा' या युक्त्या वर्षभरातच शिळ्या होतात.

त्यात मेंदूची एक खोड आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली की ती जास्त खरी वाटू लागते. १९७७ मध्येच प्रयोगात हे दिसलं होतं. एकच व्हिडिओ चार ग्रुपवर आला की चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. व्हॉट्सअॅपवरचा दुहेरी बाण एवढंच सांगतो, की मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकलला गेलाय.

मग पोरांनी व्हिडिओतलं एक दृश्य गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या ॲपमध्ये, टाकलं. कराची निघालं. वर्ग गप्प.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी सांगत आली. घरच्या ग्रुपवर काकांनी दुहेरी बाणाचा मेसेज टाकला होता. तिने विचारलं, "काका, हाई कोनी धाडं?"

काकांचं उत्तर आलं, "गावना ग्रुपवर उनं."

तिने लिहिलं, "तठे कोनी धाडं?"