थरथरत्या रेघेतले पंधरा सेकंद

पाटण तालुक्यात धक्का बसला की बातमीत एकच आकडा येतो, ‘रिश्टर स्केलवर ३.२’ असा काहीतरी. भूकंप नेमका कुठे झाला हे कसं ठरवतात, ते मात्र कुणी सांगत नाही. ते आता घरबसल्या समजून घेता येतं. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर देशातल्या धक्क्यांची यादी असते आणि जगभरातल्या कितीतरी केंद्रांचे भूकंपालेख इंटरनेटवर खुले आहेत.

भूकंपालेख म्हणजे प्रथमदर्शनी नुसती थरथरती रेघ. नीट पाहिलं की तिच्यात दोन सुरुवाती दिसतात. आधी बारीक थरथर: या प्राथमिक लहरी, खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावणाऱ्या. मग रेघ जोरात हेलकावते: या दुय्यम लहरी, सेकंदाला साडेतीन किलोमीटर कापणाऱ्या. दोन्ही एकाच क्षणी निघतात, पण वाट जितकी लांब तितकी दुसरी मागे पडते. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो ना, अगदी तसंच. मधले सेकंद मोजायचे, आठने गुणायचे, की ढोबळमानाने किलोमीटर मिळाले. कोयनानगर ते पुणे सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर, म्हणजे पंधरा-सोळा सेकंद. यातून अंतर कळतं, दिशा नाही. म्हणून तीन केंद्रांभोवती, प्रत्येकाच्या आपापल्या अंतराएवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात, तिथे भूकंप. नकाशा आणि कंपास घेऊन हे एकदा कराच. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

धक्क्यांच्या यादीत भूकंपाची खोली वारंवार ‘१० किलोमीटर’ दिसली तर चकित होऊ नका. पुरेशा नोंदी नसतील तेव्हा बऱ्याचदा ती गृहीत धरलेली असते.

बातमीतल्या आकड्याला आपण तीव्रता म्हणतो, पण ते असतं परिमाण, म्हणजे मुळाशी किती ऊर्जा सुटली याचं माप. ते एका भूकंपाला एकच. तीव्रता, म्हणजे त्या जागी हादरा किती जोरात बसला, ती गावागणिक, घरागणिक बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचं परिमाण ६.२ होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सुमारे दहा हजार जीव गेले. हा फरक यंत्राच्या रेघेत दिसत नाही, तो माणसांनीच सांगावा लागतो. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर त्यासाठी प्रश्नावली आहे: हादरा जाणवला का, फळीवरच्या वस्तू पडल्या का, भिंतींना तडे गेले का. काहीच जाणवलं नसेल, तरी तेही तिथे नोंदवता येतं.