एकाच प्रणालीत लपलेली चूक

आजचा मोबाइल स्वतःचं स्थान शोधायला अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या चारही प्रणालींचे उपग्रह एकत्र वापरू शकतो. जितके उपग्रह जास्त तितकं स्थान अचूक, असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी, की सिग्नलला उपग्रहापासून पोचायला किती वेळ लागला यावरून मोबाइल अंतर काढतो, आणि या चौघांची वेळ एक नाही.

जीपीएस लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला घड्याळात अधूनमधून घातलेला जादा सेकंद) धरत नाही, म्हणून २०१७ पासून त्याची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. ग्लोनास लीप सेकंद पाळतं. बायडूची वेळ जीपीएसपेक्षा १४ सेकंद मागे. हे पूर्ण सेकंदांचे फरक ठरलेले असतात. वजा केले की प्रश्न मिटला. खरा त्रास नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांचा. प्रत्येक प्रणालीची अणुघड्याळं वेगळी, त्यामुळे त्यांच्यात किंचित आणि सतत बदलणारी तफावत राहतेच. एका नॅनोसेकंदात रेडिओलहर सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे २० नॅनोसेकंदांची तफावत अंतरात ६ मीटरची चूक घालते.

मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही: एकच प्रणाली वापरली तर ही चूक जाणवतच नाही! मोबाइलचं स्वतःचं घड्याळ साधंच असतं. म्हणून स्थानाच्या तीन अज्ञातांबरोबर त्या घड्याळाची चूक हे चौथं अज्ञात सोडवावं लागतं, आणि त्यासाठी चार उपग्रह लागतात. सगळे उपग्रह सारखेच चुकत असतील, तर ती चूक या चौथ्या अज्ञातात मुरते. स्थान बिघडत नाही. दुसऱ्या प्रणालीचे उपग्रह मिसळले, की दोन वेळांमधला फरक हे पाचवं अज्ञात होतं आणि पाचवा उपग्रह लागतो.

मोकळ्या मैदानात याची फिकीर नसते, उपग्रह भरपूर दिसतात. उंच इमारतींच्या गल्लीत मात्र जीपीएसचे दोन आणि गॅलिलिओचे दोनच दिसले, तर गणित अडतं. अशा वेळी गॅलिलिओच्या संदेशातून येणारा जीपीएसशी असलेला वेळेचा फरक मोलाचा ठरतो: तो वापरला की चार उपग्रह पुन्हा पुरतात.

तरी हा आकडा पुरेसा नाही. वेगवेगळे सिग्नल रिसीव्हरच्या (मोबाइलमधल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) अँटेना आणि फिल्टरमधून जाताना कमीजास्त रेंगाळतात, आणि ती दिरंगाई प्रत्येक उपकरणात निराळी असते. ग्लोनासच्या जुन्या सिग्नलमध्ये तर उपग्रहागणिक वारंवारता बदलते, म्हणून दिरंगाईही बदलते. यावर मला पटणारा उपाय असा, की रिसीव्हरने मोकळ्या आकाशाखाली वेळेची तफावत आणि ही दिरंगाई मिळून होणारा एकूण फरक स्वतःच मोजून ठेवावा. तो सावकाश बदलतो, त्यामुळे थोड्या वेळाने गल्लीत शिरल्यावरही तो आकडा कामाला येतो.